चाकाची कमान

जतला मार्गशीर्षात यल्लम्मा देवीची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर खिलार जनावरांचा बाजार. त्या माळावर माणसांना आणि बैलांना टेकायला एक मोठा सार्वजनिक मंडप असावा, असे माझ्या मनाने घेतले आहे, व त्याचा आराखडा मी काढीत आहे. मंडप लाकडी, छप्पर कमानदार, आणि रूप असे की या मुलखाच्या कारखानदारीची ओळख त्यात दिसावी.

कारखानदारीची आठवण जपायची म्हणजे जुने यंत्र रंगवून चौथऱ्यावर बसवायचे, अशी एक रीत पडली आहे. मला ती पटत नाही. यंत्र बघून हात शहाणे होत नाहीत. ते ज्या कसबातून निघाले ते कसब पुन्हा कामाला लावावे.

या भागात ते कसब शोधायला फार लांब जावे लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत यंत्रांची रेखाटने शिकविणारे. बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली तेव्हा ते औंधास सभामंडपाच्या बांधकामावर होते. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे कारखान्याच्या जन्मापाशीही एक मंडप आहेच! त्या कारखान्याचे नाव झाले ते लोखंडी नांगराने. पण ओतीव लोखंडाची आई लाकूड असते. सुताराने आधी लाकडी नमुना कोरायचा, तो वाळूत दाबून पोकळी करायची, मग तीत रस ओतायचा. लोखंड निवताना शंभरात सुमारे एक भाग आकसते, म्हणून नमुना तेवढाच मोठा धरायचा. हा हिशेब सुताराच्या हातात असे.

आकसण्याचा हाच गुण गाडीच्या चाकाला उपयोगी पडतो. तुंब्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर पुठ्ठे बसवायचे. पुठ्ठे म्हणजे चाकाच्या कडेचे वाकडे तुकडे. मग लोखंडी धाव लालभडक तापवून वर चढवायची आणि पाणी ओतायचे. धाव आकसते आणि सगळे सांधे आवळून धरते. एवढे मोठे वर्तुळ, पण त्यात एकही लाकूड वाकवलेले नसते. बाभळीचे आखूड, गाठाळ तुकडे कापून ते जुळवलेले असते. रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि ही विद्या मागे पडली.

आखूड तुकड्यांतून मोठी कमान करण्याची युक्ती फ्रान्समध्ये फिलिबेर द लॉर्म या वास्तुकाराने १५६१ साली पुस्तकात मांडली. त्यालाही अडचण तीच होती : लांब, सरळ वासे मिळेनात, आणि मिळाले तर परवडेनात. फळ्यांचे तुकडे दुहेरी लावायचे, एका थराचा सांधा दुसऱ्याच्या मध्यावर येऊ द्यायचा, की जोड उघडत नाही. पॅरिसच्या धान्यबाजारावर १७८३ मध्ये याच रीतीने सुमारे ३९ मीटर व्यासाचा घुमट चढला. तोही बाजारच, हे मला विशेष वाटते. १८०२ मध्ये तो जळाला आणि पुढे त्याजागी लोखंडी घुमट आला. लाकडाच्या मंडपाखाली कडब्याचे ढीग रचू देऊ नयेत, हा धडा जतलाही लागू आहे.

माझ्या आराखड्यात तीच दुहेरी पुठ्ठ्यांची कमान आहे. बाभूळ मुलखातलीच घ्यायची. मात्र वाळवी आहे, तेव्हा लाकूड जमिनीला टेकता कामा नये, पाय दगडी चौथऱ्यावर हवेत. खरी अडचण निराळीच आहे. चाक बंद असते, धाव त्याला चहूबाजूंनी आवळते. कमान खाली उघडी असते आणि तिचे दोन्ही पाय बाहेर सरकू पाहतात. म्हणजे मंडपालाही धाव हवी, फक्त सरळ : एका पायापासून दुसऱ्यापर्यंत ताणलेली लोखंडी पट्टी. ती डोक्यावरून नेली तर भरल्या कडब्याची गाडी अडते. म्हणून ती चौथऱ्यांच्या पोटातून, जमिनीखालून न्यावी असे ठरवले आहे. गंज लागू नये म्हणून ती काँक्रीटमध्ये पुरावी लागेल, आणि खर्चाचा मोठा आकडा तिथेच पडतो.