कंदील आणि धुतलेले हात

१२ जानेवारी १९२४ ची रात्र. पुण्याच्या ससून रुग्णालयात, येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींवर कर्नल मॅडॉक आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करीत होते. मध्येच विजेचे दिवे गेले. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. ही हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु खरी कसोटी पुढेच होती. जखमेच्या जागी गळू झाले आणि प्रकृती सुधारण्यास अपेक्षेहून अधिक दिवस लागले. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली.

पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. तेव्हा शल्यवैद्याचा मुख्य आधार म्हणजे स्वच्छता. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइसने हात धुण्याचा आग्रह धरला, तर सहकाऱ्यांनी त्याला हसण्यावारी नेले. १८६७ मध्ये लिस्टरने कार्बॉलिक आम्लाचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि जखमेत पू होणे चांगलेच, ही जुनी समजूत हळूहळू ढासळली.

आज औषधे आहेत. पण कित्येक जंतू त्यांना दाद देईनासे झाले आहेत. म्हणून मानोऱ्याच्या मंडळींनी रुग्णाच्या भेटीस जाताना हात धुवावे, जखमेला स्पर्श करू नये. कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया पार पडू शकते; मळक्या हातांनी नव्हे.