चितारलेल्या रानकुत्र्यावरील आरोप

आफ्रिकेतील रानकुत्र्याच्या वाट्याला शास्त्राकडून प्रथम आले ते चुकीचे कुळ. १८२० साली डच प्राणिशास्त्रज्ञ टेमिंक याने मोझांबिकच्या किनाऱ्याकडील एका नमुन्यावरून त्याची गणना तरसांत करून टाकली. ही चूक अगदीच अक्षम्य नव्हती. मोठे वाटोळे कान, अंगावर काळ्या, पिवळ्या व पांढऱ्या रंगांचे फराटे, आणि कुत्र्याच्या पुढच्या पायाला असणारे पाचवे बोट मुळातच नाही! १८२७ मध्ये जोशुआ ब्रुक्स या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने हा प्राणी श्वानकुळातलाच असल्याचे ओळखून त्याला 'लायकेऑन' या स्वतंत्र प्रजातीत बसविले. टेमिंकचे 'चितारलेला' या अर्थाचे लॅटिन विशेषण मात्र टिकले. आपल्याकडील कोळसुंदा हा याचा दूरचा भाऊबंद होय.

कुळ सुधारले, पण लौकिक सुधारला नाही. हा प्राणी भक्ष्याचा गळा दाबीत नाही. कळप हरणाचा दम निघेपर्यंत पाठलाग करतो आणि ते थांबताच सर्व बाजूंनी तुटून पडून, ते जिवंत असतानाच, त्याचे पोट फाडतो. गोऱ्या शिकाऱ्यांनी व वसाहतवाल्यांनी हे दृश्य पाहिले आणि तेवढ्यावरून निकाल दिला. वस्तुतः असे हरीण बहुधा काही मिनिटांतच गतप्राण होते. सिंहाच्या जबड्यात गुदमरणाऱ्या रेड्याचे मरण त्याहून सुखाचे असते, असे कोण म्हणेल? तरीही सिंह वनराज ठरला आणि हा खुनी. राखीव अरण्यांच्या रक्षकांनीसुद्धा त्याला गोळ्या घातल्या. एकट्या ऱ्होडेशियात १९५६ ते १९७५ या काळात तीन हजारांहून अधिक रानकुत्रे उपद्रवी म्हणून मारले गेले.

शिकारीऐवजी बिळाकडे पाहणारे लोक पुढे आले, तेव्हा या खटल्याचे स्वरूप पालटले. जर्मन संशोधक क्यूमे याने सेरेंगेटीच्या माळावर पाहिलेली अन्नवाटणी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. शिकारीहून परतलेले कुत्रे पोटातले मांस पुन्हा ओकून पिलांना देत, आणि पिले राखीत मागे राहिलेल्यांनाही देत. पिले धावू लागली म्हणजे शिकारीवर पहिला हक्क त्यांचाच. मोठे बाजूला उभे राहतात. सिंहाचे छावे मात्र वडीलधाऱ्यांचे होईपर्यंत ताटकळतात. ह्यूगो व्हान लाविक आणि जेन गुडॉल यांनी १९७० साली रानकुत्रे, कोल्हे व तरस यांवर ग्रंथ लिहिला, त्याचे नावच मुळी 'निष्पाप मारेकरी' अशा अर्थाचे होते.

बोट्स्वानातील निरीक्षणांतून २०१७ मध्ये आणखी एक मौजेची गोष्ट उघड झाली. विसावलेला कळप निघण्याच्या बेतात असला की कुत्रे शिंकू लागतात, आणि शिंका पुरेशा झाल्या तरच सर्व निघतात. प्रमुख जोडीने पुढाकार घेतला असल्यास तीनएक शिंका पुरतात. इतर कोणी घेतल्यास दहाएक लागतात. आपल्याकडे शिंक आली की निघालेला माणूस थबकतो, तिथे शिंकेवाचून पाऊल उचलत नाही!

पण निर्दोष ठरल्याने जीव वाचतोच असे नाही. गावकुत्र्यांकडून येणारा रेबीज, फासे आणि तुकडे झालेली राने यांनी बंदुकीचे काम पुढे चालविले. सेरेंगेटीत अभ्यासाखाली असलेले कळप १९९१ पर्यंत नाहीसे झाले. त्याच्या कारणांविषयी संशोधकांत पुष्कळ वाद झाला. २०१२ च्या अंदाजानुसार साऱ्या आफ्रिकेत सुमारे ६,६०० रानकुत्रे उरले होते. कळपात बहुधा एकच जोडी वीत असल्यामुळे, वंश चालविणारे त्यांत केवळ १,४०० च्या आसपास होते.