वाऱ्यात कुणाकुणाचा भाग?

साताऱ्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. त्या कुणाच्या मालकीच्या, हे आपण सहसा विचारत नाही. डेन्मार्कमध्ये मात्र सारा धंदाच या प्रश्नाभोवती वाढला. म्हणून आज तिथली गोष्ट.

डेन्मार्क हा छोटा, दूधदुभत्याचा देश. सहकारी डेअरी तिथे 1882 पासूनची. 1891 मध्ये आस्कोव्ह गावच्या शाळेतले शिक्षक पोल ला कूर यांनी पवनचक्कीपासून वीज तयार केली. ती साठवायची कशी? त्यांनी विजेने पाण्यातून हायड्रोजन वायू काढला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. मधूनमधून स्फोट व्हायचा, खिडक्यांच्या काचा फुटायच्या! पण खेड्यात वीज नेणारी माणसं त्यांनी शिकवून तयार केली.

पुढे स्वस्त तेल आलं आणि चक्क्या मागे पडल्या. 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले. देशाची नव्वद टक्के ऊर्जा बाहेरच्या तेलावर चालायची. रविवारी गाड्या रस्त्यावर आणायलाच बंदी झाली. सरकार अणुवीज आणू पाहत होतं, लोकांचा विरोध होता. अशा वेळी रीसागर नावाच्या सुताराने छोटी चक्की बांधून विजेच्या तारांना जोडली. दुधाचे कॅन थंड करणारी यंत्रं बनवणारी वेस्टास कंपनीही 1979 पासून चक्क्या विकू लागली. त्याच वर्षी सरकारने किमतीच्या 30 टक्के अनुदान सुरू केलं.

एका घराला चक्की कुठली परवडणार? शेजारीपाजारी एकत्र आले, भाग काढले. वर्षाला हजार युनिट वीज म्हणजे एक भाग. भाग घेणारा जवळपासच राहणारा हवा, आणि घरच्या वापराच्या मानानेच भाग मिळणार, असा नियम होता. त्यामुळे बाहेरचा पैसेवाला येऊन सगळं विकत घेऊ शकत नव्हता. आमच्या मते, चक्क्यांना गावाची साथ मिळाली ती या नियमामुळे. नव्वदच्या दशकाअखेर सुमारे एक लाख कुटुंबांचे भाग होते. 1985 मध्ये संसदेने अणुवीज बाजूला ठेवली होतीच.

मग नियम सैल झाले, चक्क्या मोठ्या झाल्या, कंपन्या आल्या, आणि गावोगाव विरोधही वाढला. अखेर 2009 पासून कायद्याने सांगितलं: नव्या चक्कीतले किमान 20 टक्के भाग आधी साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना विचारा. काही वर्षांनी तोही नियम गेला. आज तिथली निम्मी वीज वाऱ्याची आहे.

आपल्याकडे 1986 मध्ये रत्नागिरीला आलेल्या सुरुवातीच्या चक्क्या याच वेस्टासच्या होत्या. पुढे इथला धंदा वाढला तो चक्की घेणाऱ्या कंपनीला मिळणाऱ्या आयकराच्या सवलतीवर. गावाला सहसा जमिनीचे पैसे मिळाले, भाग नाही.

तुमच्या शिवारात चक्क्या असतील, तर जमीन विकली की भाड्याने दिली, आणि कागदावर सही घरातल्या कुणाची घेतली, ते गटात विचारून आम्हाला कळवा. पुढच्या वेळी त्यावर बोलू.