आत्याच्या गावचे चौधरी

आत्या फिजी बेटांवर बा नावाच्या गावी होती. आतोबा तिथे मास्तर. गावाभोवती ऊस, गावात साखर कारखाना. हंगामात वाळत घातलेल्या धुण्यालाही मळीचा वास यायचा म्हणे. तिथली माणसं अळूसारखी दालोची पानं नारळाच्या दुधात शिजवत. आत्या वर लसणाची फोडणी द्यायची, शेजारणी हसायच्या.

महेंद्र चौधरी याच बाचे, जन्म १९४२चा. आजोबा हरियाणातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर आलेले. आत्याने त्यांना ऊसवाल्यांच्या सभेत पाहिलं होतं की आतोबांकडून ऐकलं होतं, याचा पुढे तिच्याच मनात घोळ झाला. सरकारी हिशेबतपासणीच्या कचेरीतून युनियनमध्ये आलेला माणूस, म्हणून शेतकऱ्यांचा भरवसा, एवढं मात्र ती ठासून सांगे.

ऊस भारतीयांचा, जमीन बहुतेक मूळच्या फिजीवासीयांच्या सामाईक मालकीची. ती विकत मिळत नाही, मुदतीच्या कराराने कसायची. गिरमिटियांचं पहिलं जहाज पोचलं १४ मे १८७९ला. १९८७ साली त्याच तारखेला लष्कराने पंतप्रधान बावाद्रांचं महिनाभराचं सरकार उलथवलं; चौधरी त्यात अर्थमंत्री होते. पुष्कळ भारतीयांनी देश सोडला. आत्या-आतोबाही सांगलीला परतले.

१९ मे १९९९ला चौधरी पंतप्रधान झाले, भारतीय वंशाचे पहिलेच. आत्याने गल्लीभर शिरा वाटला. बरोबर वर्षाने बंडखोर जॉर्ज स्पाइटची माणसं बंदुका घेऊन संसदेत घुसली. छप्पन्न दिवस चौधरी ओलीस होते, मारहाणही झाली. आत्या सकाळी चहाआधी पेपर मागायची. बातमी नसली की दिवसभर कुणाशी धड बोलायची नाही. सुटका झाली, पण पंतप्रधानपद काही परत मिळालं नाही.

२००७ साली बैनिमारामांच्या लष्करी राजवटीत ते अर्थमंत्री झाले, तेव्हा घरात वादच पेटला. "बंदूकवाल्यांच्या मांडीला मांडी लावून हा बसला कसा?" आत्याला ते सहनच होईना. आतोबा म्हणत, साखरेचं खातंही त्यांच्याकडेच आहे, ऊसवाल्यांचं कुणी बघायला नको का? पुढल्या वर्षी चौधरी बाहेर पडले, तरी हा वाद मिटला नाही. मला आत्याचंच पटतं. पण १९९७पासून जमिनीचे करार संपू लागले, तेव्हा बाहून तिच्या शेजारणीचं पत्र आलं होतं: मुदत सरली, घराचे पत्रे उतरवून घेतोय, पोराकडे सुवाला जातोय. ते आठवलं की आतोबांना चूक म्हणवत नाही.