पाव घराचा वाकडेपणा : सीटी स्कॅनरच्या इतिहासातील एक पान

१ ऑक्टोबर १९७१. लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका महिलेच्या मेंदूतील गाठ कवटी न उघडता चित्रात दिसली. यंत्र ईएमआय कंपनीतील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे. त्यांच्या १९७९च्या नोबेलविषयी पुष्कळ लिहिले गेले. यंत्रातील डिटेक्टर नेमका कुठे बसवायचा, या किचकट प्रश्नाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

आरंभीचा प्रयोग लेथच्या बेडवर झाला. गॅमा किरणांचा स्रोत सरळ रेषेत सरके, वस्तू एक अंश फिरे, स्रोत पुन्हा सरके. सुमारे २८,००० मोजमापांना नऊ दिवस लागले. प्रत्येक किरण कोणत्या रेषेतून गेला हे ठाऊक आहे, असे गृहीत धरूनच पुढचे गणित चाले. फिरण्याचा अक्ष गृहीत जागेपासून किंचित ढळला, तर समोरासमोरून घेतलेली मोजमापे जुळत नाहीत आणि एकाच कडेच्या दोन कडा दिसू लागतात.

सत्तरच्या दशकाच्या मध्यास तिसऱ्या पिढीची यंत्रे आली. क्ष-किरण पंख्यासारखे पसरत. नळी आणि शेकडो डिटेक्टरांची कमान रुग्णाभोवती एकत्र फिरे. वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला, पण नवी व्याधी जडली. कमानीतील प्रत्येक डिटेक्टर केंद्रापासून ठरावीक अंतरावरच्या रेषाच पाहतो. त्यामुळे एखादा जरा चुकीचे मोजू लागला, की चित्रात त्याचे वर्तुळ उमटते. ही वलये केंद्राजवळ लहान व ठळक असतात; तिथे व्याधी आणि यंत्रदोष यांत गल्लत होण्याचा धोका खराच होता.

यावर एक उपाय होता दाबाखालील झेनॉन वायूचा. सर्व कप्प्यांत एकच वायू, म्हणून प्रतिसाद सारखा. पण हे कप्पे खोल व अरुंद. त्यांच्या पातळ धातुपट्ट्या थेट क्ष-किरण नळीच्या केंद्रबिंदूकडे रोखलेल्या असाव्या लागत. चौथ्या पिढीत डिटेक्टरांचे कडे स्थिर झाले, नळी एकटी फिरू लागली, किरण अनेक कोनांतून येऊ लागले. तिथे झेनॉन निरुपयोगी ठरला.

सर्वांत सुंदर युक्ती मात्र उलट्या दिशेची. केंद्ररेषेवर डिटेक्टर अगदी समतोल बसवले, तर अर्ध्या फेरीनंतर परतणारे किरण जवळजवळ त्याच रेषांवरून जातात. नवे काही कळत नाही. म्हणून कमान मुद्दाम एका डिटेक्टरच्या रुंदीच्या पाव भागाने सरकवली. आता समोरून येणारे किरण आधीच्या किरणांच्या मधोमध पडतात, आणि एकही डिटेक्टर न वाढवता नमुने दुप्पट दाट होतात. सरकवणे नेमके पाव भागच हवे. अर्धा भाग सरकवला, तर किरण पुन्हा जुन्याच रेषांवर येऊन पडतात.