जुन्या पुलांचे कठडे आणि पाये

मावल्याहून ४४ नंबरच्या हायवेने उत्तरेला निघालं की पैनगंगा ओलांडून आपण यवतमाळ जिल्ह्यात शिरतो. गाडीचा वेग कमी होत नाही. नदी कधी गेली हे कित्येकांना कळतही नाही. जुन्या दगडी पुलावर असं होत नाही. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना कमरेएवढा कठडा, खाली कमानी. आपल्या मंडळात अशा पुलांचा विषय निघाला की सूर ठरलेला: कठड्याला हात लावू नका, पुलाचं रूप त्यातच आहे. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. २०१८ नंतर म्हणत नाही.

त्या वर्षी २६ जानेवारीच्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी एक मिनीबस कोल्हापुरात शिवाजी पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. १३ माणसं गेली. पूल एकोणिसाव्या शतकातला. शेजारीच पर्यायी पूल अर्धवट उभा होता. जवळची ब्रह्मपुरी टेकडी संरक्षित स्मारक आहे, आणि २०१० च्या कायदा-दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे, म्हणून ते काम अडकलं होतं. म्हणजे वारसा जपायचा नियमच लोकांना जुन्या पुलावरून जायला लावत होता. आपल्यासारख्या वारसाप्रेमींनी हे टोचून घ्यायला हवं.

कठडा का तुटतो, याचा हिशेब सोपा आहे. एक टनाची बैलगाडी ताशी पाच किलोमीटरने धडकली आणि पाच टनांची मिनीबस ताशी पन्नासने धडकली, तर वजन पाचपट, वेग दहापट. वेगाचा वर्ग घ्यायचा, म्हणजे धडकेची ऊर्जा पाचशेपट. दगडी कठडा स्वतःच्या वजनावर आणि चुन्याच्या पकडीवर उभा असतो. बांधणाऱ्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्यासमोर बैलगाडी होती.

मग उपाय? कठडा पाडून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची काँक्रीटची भिंत उभी करणं सर्वांत सोपं, आणि तसं झालेलं आपण ठिकठिकाणी पाहतो. दुसरा मार्ग म्हणजे कठड्याच्या माथ्यावरून उभी भोकं पाडून आत न गंजणाऱ्या पोलादी सळ्या बसवायच्या. बाहेरून दगड जसाच्या तसा राहतो. तिसरा, मला जास्त पटणारा: कठड्याच्या आतल्या बाजूला, त्याला न टेकता, वेगळा बुटका लोखंडी अडसर. उद्या काढायचा म्हटला तर काढता येतो. मात्र त्यात रस्त्याची रुंदी जाते, तेव्हा वाहतूक एकेरी करावी लागते. अडसराचा पाया कमानीवर किती वजन टाकतो, तेही तपासावं लागतं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जड गाड्या बंद करायच्या. पुण्याचा बंडगार्डनचा १८६९ चा पूल शेजारी नवा पूल झाल्यावर पायी चालणाऱ्यांना मिळाला. हैदराबादचा १५७८ चा पुराना पूल १९०८ च्या मुसीच्या महापुरातून वाचला. आज त्यावर भाजीबाजार भरतो.

पण कठडा निदान दिसतो तरी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीला पूर आला आणि ब्रिटिशकाळातला कमानींचा पूल वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं त्यात गेली. शेजारचा नवा पूल उभा राहिला. कमानीच्या पुलात एक खांब बसला की त्यावर टेकलेल्या दोन्ही कमानी जातात, आणि खांबाच्या पायाखालची वाळू पूर खरवडून नेतो ती पाण्याखाली. रस्त्यावरून पाहणी करणाऱ्याला काय दिसणार? पाणी उतरल्यावर पायाची खोली मोजावी लागते, लागलं तर पाणबुड्या उतरवावा लागतो. खरवडलेल्या जागी मोठे दगड भरले तरी पुलाचं रूप तसूभर बदलत नाही. त्यावर आपला कुणाचाच आक्षेप नसतो, कारण आपण कुणी ते विचारतच नाही.

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका जुन्या दगडी पुलाच्या दुरुस्तीवर मी होतो. आम्ही सगळ्या दर्जा सिमेंटने भरल्या, आणि पाणी झिरपायची छिद्रं कुरूप दिसतात म्हणून तीही बुजवली. पूल नवा दिसू लागला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. चुन्याच्या दर्जेतून ओल बाहेर पडते, कडक सिमेंटमागे ती अडकते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मीही विचारलं नाही. काही वर्षांनी पुन्हा गेलो तर कमानींच्या पोटावर क्षारांचे पांढरे ओघळ आले होते आणि दगडांच्या कडांचे कपचे सुटत होते. सिमेंट मात्र शाबूत होतं. आम्ही सुरक्षाही वाढवली नव्हती, रूपही राखलं नव्हतं.

मंडळाकडे जुन्या पुलांचे फोटो बरेच येतात, बहुतेक पावसाळ्यातले, भरलेल्या नदीचे. मे महिन्यातलेही पाठवा. खांब जिथे वाळूत शिरतो, तिथले. शेजारी पट्टी किंवा काठी उभी धरा, म्हणजे पुढच्या मे महिन्यात वाळू किती खाली गेली ते मोजता येईल.