जुने स्पोर्ट क्वाड : आधी थांबणे, मग वळणे, शेवटी धावणे

मोटारसायकलीसारखे हॅण्डल, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची बैठक आणि खाली कमी हवेची चार जाडजूड चाके, असे वाहन लोणावळ्याच्या परिसरातील एखाद्या रिसॉर्टमध्ये अनेकांनी पाहिले असेल. काहींनी हौसेने चार फेऱ्याही मारल्या असतील. ‘ऑल टेरेन व्हेइकल’ अर्थात ‘एटीव्ही’ हे त्याचे औपचारिक नाव. ‘क्वाड बाइक’ हे रूढ नाव. शेतावर आणि रानात ओझी वाहण्यासाठी बनवलेले ‘युटिलिटी क्वाड’ आणि निव्वळ वेग, वळणे व उड्या यांसाठी बनवलेले ‘स्पोर्ट क्वाड’ असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. प्रस्तुत लेख दुसऱ्या प्रकारातील जुन्या वाहनांविषयी आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जपानी कंपन्यांनी प्रामुख्याने अमेरिकी बाजारपेठेसाठी बनवलेली ही टू-स्ट्रोक यंत्रे आजही कॅलिफोर्नियातील वाळूच्या टेकड्यांवर धावताना दिसतात. त्यांचे उत्पादन थांबून बरीच वर्षे लोटली. आता अशा यंत्राची सुरक्षितता जवळजवळ सर्वस्वी मालकाच्या हातातील पान्यावर अवलंबून आहे.

तीन चाकांचा धडा

या वाहनाचा उगम तीनचाकीत आहे. होंडा कंपनीने १९७० साली फुग्यासारख्या टायरांचे ‘यूएस ९०’ हे वाहन अमेरिकेत आणले. पुढे ते ‘एटीसी ९०’ या नावाने प्रसिद्ध झाले. १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या जेम्स बाँडपटातही अशी तीनचाकी दिसली. मात्र समोर एकच चाक असलेले हे वाहन वळणावर सहज कलंडत असे. जसजशी इंजिने मोठी होत गेली, तसतशी अपघातांची, विशेषतः लहान मुलांच्या मृत्यूंची संख्या चिंताजनक झाली. अखेर १९८८ साली अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस या कंपन्यांशी न्यायालयामार्फत तडजोड केली. नव्या तीनचाकींची विक्री थांबली, प्रशिक्षणाची सोय करणे कंपन्यांवर बंधनकारक झाले आणि ९० सीसीहून मोठी वाहने सोळा वर्षांखालील मुलांसाठी नाहीत, हे स्पष्ट करण्यात आले. २००८ च्या कायद्याने नव्या तीनचाकींच्या विक्रीला अमेरिकेत बंदीच घातली.

दरम्यान चारचाकी आवृत्ती पुढे आली होती. सुझुकीने १९८५ मध्ये ‘एलटी २५० आर क्वाडरेसर’ हे शर्यतीच्या जातीचे क्वाड बाजारात आणले. १९८६ मध्ये होंडाचे ‘टीआरएक्स २५० आर’ आणि १९८७ मध्ये यामाहाचे ‘बॅन्शी’ आले. यांपैकी होंडाचे उत्पादन १९८९ मध्ये, तर सुझुकीचे १९९२ मध्ये थांबले. बॅन्शी मात्र अमेरिकेत २००६ पर्यंत विकली गेली. प्रदूषणाचे नवे निकष लागू झाल्यावर तिचीही तेथील विक्री संपली. चौथ्या चाकाने वाहन स्थिर झाले. तरीही कलंडण्याचा धोका पुरता गेला नाही.

राजदूतशी भावकी

बॅन्शी हे यंत्र मराठी वाचकाला वाटते तितके परके नाही. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८० च्या दशकात भारतात बनवलेली ‘राजदूत ३५०’ ही यामाहाच्या ‘आरडी ३५०’ची भारतीय आवृत्ती होती. तिच्या इंजिनात ६४ मिलिमीटर व्यासाची दोन सिलिंडरे व ५४ मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे एकूण ३४७ सीसी अशी रचना होती. बॅन्शीचे मापही नेमके हेच. राजदूतचे इंजिन हवेने थंड होई, तर बॅन्शीचे पाण्याने. तिचे इंजिन त्याच घराण्यातील नंतरच्या ‘आरझेड ३५०’वरून घेतलेले आहे. त्यामुळे ज्या मेकॅनिकने राजदूत ३५० किंवा आरएक्स १०० उघडली आहे, त्याला बॅन्शीचे बोअर-पिस्टन पाहून बुजायला होणार नाही. आयरिश लोककथांत मृत्यूची चाहूल देत विव्हळणारी स्त्रीरूपी पिशाच्चयोनी म्हणजे बॅन्शी. तीव्र आवाजात किंचाळणाऱ्या या इंजिनाला ते नाव शोभले, आणि त्यातील इशाराही.

खर्चाचा क्रम

जुने क्वाड घेतलेला हौशी मालक पहिला पैसा बहुधा इंजिनावर घालतो. मोठा पिस्टन, शर्यतीचा सायलेन्सर, नवा कार्ब्युरेटर अशी ती यादी असते. हा क्रम उलटा आहे. आधी वाहन थांबले पाहिजे, मग वळले पाहिजे आणि शेवटी धावले पाहिजे. तीस-पस्तीस वर्षांच्या सांगाड्यावर नव्या इंजिनाची ताकद चढवली, तर कमकुवत दुवा कोणता हे पहिल्याच उडीत कळते, आणि ते कळण्याची ती जागा नव्हे.

आरंभ ब्रेकपासून करावा. हायड्रॉलिक ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. अनेक वर्षे न बदललेल्या तेलात पाणी मुरलेले असते, कॅलिपरमधील पिस्टन गंजून अडकतात आणि ब्रेक तापल्यावर लिव्हर अचानक पोकळ लागते. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचे नवे तेल, नवी रबरी सील व नवे पॅड हा खर्च टाळू नये. फुगलेला किंवा चिरलेला रबरी पाइप तात्काळ बदलावा.

त्यानंतर पुढची चाके जमिनीवरून उचलून हाताने हलवून पाहावीत. चाक वर-खाली धरून हलवल्यास जाणवणारी ढिलाई बहुधा बॉल जॉइंटची किंवा चाकाच्या बेअरिंगची असते. डावी-उजवीकडे धरून हलवल्यास टाय रॉडच्या टोकाची. मागच्या बाजूला स्विंग आर्मचे बेअरिंग, अ‍ॅक्सलचे बेअरिंग आणि अ‍ॅक्सलवरील मोठे लॉक-नट पाहावेत. हे नट सैल होण्याची खोड जुनी आहे; त्यांना आटे घट्ट धरणारे द्रव्य लावून नेमलेल्या जोराने आवळावे. मग सांगाडा स्वच्छ धुऊन, उन्हात आडवा-उभा न्याहाळावा. पुढच्या आर्मचे कान, स्टिअरिंगचा दांडा बसतो ती जागा आणि पायदाणांचे जोड येथे केसाएवढ्या चिरा पडतात. चिरेवर नुसता वेल्डिंगचा थर चढवणे हा उपाय नव्हे. चीर पूर्ण खणून, सांगाडा सरळ असल्याची खात्री करून जाणकार वेल्डरकडूनच काम करून घ्यावे. अशा वेळी चासी नंबर खोडलेला वा पुन्हा ठोकलेला दिसला, तर खरेदीचा विचार तेथेच सोडावा. तो चोरीच्या मालाचा संशय आहे.

हवा कुठून शिरते?

आता इंजिन. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते व तेथून सिलिंडरमध्ये जाते. बॅन्शीत पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते, आणि तेच तेल क्रँक, पिस्टन व बेअरिंग यांना वंगण पुरवते. मिश्रणाचे प्रमाण मॅन्युअलप्रमाणे ठेवावे. ३२ भागांस १ भाग असे प्रमाण असेल, तर पाच लिटर पेट्रोलला सुमारे १५६ मिलिलिटर तेल लागते. ते डोळ्यांच्या अंदाजाने न ओतता मापाने ओतावे.

क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. वयाने ते कडक होतात. डावीकडचे, म्हणजे मॅग्नेटोच्या बाजूचे सील गळू लागले की इंजिन बाहेरची कोरडी हवा ओढते. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल व तेल कमी, अशी स्थिती होते. पिस्टन तापतो, फुगतो आणि भरधाव वेगात सिलिंडरला धरतो. उजवीकडचे, क्लचच्या बाजूचे सील गेले, तर गिअरबॉक्समधील तेल इंजिनात ओढले जाते. पांढरट दाट धूर आणि विनाकारण घटणारी गिअर ऑइलची पातळी ही त्याची खूण.

म्हणूनच पिस्टन धरलेले इंजिन नुसते बोअर करून, नवा पिस्टन घालून पुन्हा जोडणे हे रोगावाचून लक्षणावर औषध देण्यासारखे आहे. हवा कुठून शिरली हे शोधण्यासाठी गळतीची चाचणी करतात. कार्ब्युरेटर व सायलेन्सर काढून त्यांची तोंडे रबरी बुचांनी बंद करायची, लहान पंपाने आत सुमारे सहा पीएसआय दाब भरायचा आणि काही मिनिटे काटा पाहायचा. दाब उतरू लागला, तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधायचे. दाब याहून वाढवू नये; चांगले सीलही जागेवरून सुटू शकते. ही चाचणी घरच्या घरी जुळवलेल्या थोडक्या साहित्यात होते आणि हजारो रुपयांचा पिस्टन-क्रँक वाचवते.

दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशनही मोजावे. त्यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर हेड उघडणे इष्ट. बोअर करायची वेळ आल्यास आधी पिस्टन आणावा आणि त्याच्या मापाने सिलिंडर कापून घ्यावा. कापल्यानंतर पोर्टच्या कडा धारदार राहतात. त्या हलक्या हाताने गोल केल्या नाहीत, तर रिंग अडकून तुटते. कार्ब्युरेटर दोन असल्याने ते दोन्ही एकाच क्षणी उघडतात की नाही, हे पाहणे तितकेच आवश्यक. इथेनॉलमिश्रित पेट्रोल महिनोन्महिने टाकीत ठेवू नये. त्याने बारीक जेट चिकटतात.

एक छोटी दोरी

यामाहाने या वाहनात ‘टॉर्स’ नावाची यंत्रणा बसवली होती. थ्रॉटल अडकल्याचे जाणवताच ती प्लगची ठिणगी तोडते. कालांतराने तिचे स्विच कुजतात, इंजिन विनाकारण अडखळू लागते आणि मालक वैतागून ती काढून टाकतात. अडकलेल्या थ्रॉटलवरचा कारखान्याने दिलेला बंदोबस्त त्याबरोबर जातो. ती काढायचीच असेल, तर थ्रॉटलची केबल व कार्ब्युरेटरच्या स्प्रिंगा नव्या घालाव्यात आणि मनगटाला बांधायच्या दोरीचा किल स्विच बसवावा. स्वार खाली पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होते. मोठ्या पिस्टनच्या तुलनेत ही वस्तू अगदीच किरकोळ किमतीची आहे.

स्वारीचे शास्त्र

स्पोर्ट क्वाडच्या मागच्या दोन्ही चाकांना एकच अखंड अ‍ॅक्सल असतो. मोटारीत वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकाहून जलद फिरते. ती सोय करणारा डिफरन्शियल येथे नाही. त्यामुळे नुसते हॅण्डल वळवले, तर वाहन सरळच जाऊ पाहते. वळताना स्वाराने शरीराचा वरचा भाग वळणाच्या आत झुकवायचा आणि बाहेरच्या पायदाणावर वजन द्यायचे असते. पाय जमिनीला टेकवण्याची मोटारसायकलस्वाराची सवय येथे घातक ठरते. टेकवलेला पाय मागच्या चाकाखाली जातो. म्हणून पायदाणाच्या मागे आडवी जाळी किंवा गार्ड असलाच पाहिजे.

थ्रॉटल उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. टायरांतील हवा मोटारसायकलीच्या मानाने फारच कमी, सुमारे चार पीएसआय असते. एका पीएसआयच्या फरकानेही वाहन एका बाजूला ओढते. म्हणून कमी दाबाचे खास मापक लागते. डांबरी रस्ता या वाहनासाठी नाहीच. तेथे टायर घट्ट पकड घेतात, अखंड अ‍ॅक्सल वळू देत नाही आणि वाहन उलटते. बैठक लांब दिसली, तरी ती एकाच माणसाला पुढे-मागे सरकण्यासाठी आहे. मागे दुसरा माणूस बसवणे म्हणजे स्वाराचा तोल हिरावून घेणे.

कॅलिफोर्नियातील इम्पीरियल वाळूटेकड्यांत प्रत्येक वाहनाला उंच लवचिक काठीवर झेंडा लावावा लागतो. टेकडीच्या पलीकडून चढणारे वाहन माथ्यावर येईपर्यंत दिसत नाही. झेंडा मात्र आधी दिसतो. हेल्मेट, गॉगल, घोट्यावर येणारे बूट आणि हातमोजे यांबाबत वेगळे सांगण्याची गरज नसावी.

शेवटी, हे यंत्र कुणासाठी, हा प्रश्न उरतो. ज्याला दर दोन-तीन फेऱ्यांनंतर एक संध्याकाळ नट आवळण्यात घालवणे जाच वाटतो, त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. शिकाऊ स्वाराचे पहिले वाहन म्हणून ते कधीही देऊ नये आणि सोळा वर्षांखालील मुलाच्या हाती तर नाहीच; ती मर्यादा ज्या अपघातांनंतर आली, त्यांत मुले होती. ज्याला मात्र यंत्र उघडण्यात आणि चालवण्यात सारखाच रस आहे, त्याला या जुन्या क्वाडमध्ये आजच्या संगणकनियंत्रित वाहनांत न मिळणारी एक गोष्ट मिळते. प्रत्येक आवाजाचे, प्रत्येक धुराचे कारण त्याला स्वतःला शोधता येते, आणि ते दूर केल्यावरच तो किक मारतो.